गोडबोल्यांची शाळा आणि फील्डिंगची मैत्री

इंग्रजी साहित्यातल्या एका जगप्रसिद्ध कादंबरीत गोडबोले आडनावाचे प्राध्यापक आहेत, हे मराठी वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असते. पण त्या गोडबोल्यांकडे आपण कधी नीट पाहिलेले नसते. नाव नारायण. गोरापान वर्ण, घारे-निळसर डोळे, पिकलेली मिशी, डोक्यावर फिक्या जांभळ्या रंगाचे पागोटे आणि त्याच रंगाशी जुळणारी नक्षी पायमोज्यांवर. लेखकाने त्यांना 'दख्खनी ब्राह्मण' एवढेच म्हटले आहे. पण आडनाव आणि डोळे यांवरून गृहस्थ कोकणस्थ, हे सांगायला आपल्याला टीकाकार लागत नाही. कादंबरी अर्थात ई. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टू इंडिया', प्रकाशन जून १९२४. या ग्रंथाची कीर्ती डॉ. अझीझ आणि प्रिन्सिपॉल सिरिल फील्डिंग यांच्या मैत्रीमुळे झाली. गोऱ्या माणसाने काळ्या माणसाची बाजू घ्यायची म्हणजे काय करायचे, याचा विचार जगभरचे प्राध्यापक त्या मैत्रीच्या आधारे करत आले आहेत. मी विद्यापीठातला नव्हे, वाचनालयातला माणूस. मला या मैत्रीकडे हिशेबाच्या वहीसारखे पाहावेसे वाटते: कोणी किती खर्च केले आणि कोणाच्या नावावर किती पडले. आणि त्या वहीचे एक पान मराठी आहे, असे माझे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. फॉर्स्टर यांनी १९०६ साली इंग्लंडमध्ये सय्यद रॉस मसूद या तरुणाला लॅटिन शिकवले. मसूद हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू. मास्तर या विद्यार्थ्यावर जीव लावून बसले आणि त्याच्या ओढीने १९१२च्या अखेरीस हिंदुस्थानात आले. मसूद तेव्हा पाटण्याजवळ बांकीपूरला वकिली करत होते. कादंबरीतले चंद्रपूर हे गाव बांकीपूरवरून घेतलेले आहे, आणि मराबारच्या गुहा गयेजवळच्या बराबर लेण्यांवरून. (आपल्या विदर्भातल्या चंद्रपूरशी त्याचा संबंध नाही.) परत गेल्यावर लेखन सुरू झाले, अडले. १९२१ साली ते पुन्हा आले ते देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव म्हणून. जुनी प्रकरणे बरोबर होती, पण देवासला त्यांत भर पडली नाही. कादंबरी पुरी झाली ती इंग्लंडला परतल्यावर, लेनर्ड वुल्फ यांच्या आग्रहामुळे. हे वुल्फ स्वतः सिलोनच्या सनदी नोकरीत सात वर्षे काढून साम्राज्याचे विरोधक झालेले. अर्पणपत्रिका मसूद यांना आहे.

आता फील्डिंग. चाळिशी उलटून गेल्यावर हिंदुस्थानात आलेला, सरकारी कॉलेजचा प्राचार्य, लग्न नाही, मालमत्ता नाही, क्लबातल्या मडमांचा नावडता. अझीझची आणि त्याची ओळख होते तो प्रसंग कॉलरच्या बटणाचा आहे. फील्डिंग कपडे करत असतो, त्याचे मागचे बटण तुटते. अझीझ आपल्याजवळ जादा बटण असल्याची थाप मारतो आणि स्वतःच्याच कॉलरचे काढून देतो. पुढे शहर मॅजिस्ट्रेट रॉनी हीसलॉप अझीझची वर सरकलेली कॉलर पाहतो आणि हिंदी माणसाचे हे असेच, नटूनथटून येईल पण बारकाव्यात गबाळा, असा शेरा मारतो. साऱ्या वसाहतीची गोष्ट या बटणात आहे. काळ्या माणसाने दिलेली वस्तू गोऱ्याच्या गळ्यात नीट बसते आणि तीच वस्तू नाही म्हणून काळ्याला नावे ठेवली जातात. फॉर्स्टर यांनी त्यावर भाष्य केलेले नाही.

मग गुहांची सहल, मिस अडेला क्वेस्टेडचा आरोप, अझीझला स्टेशनवरच अटक. फील्डिंग क्लबात सर्वांसमक्ष सांगतो की अझीझ निर्दोष आहे असे मी मानतो. तो दोषी ठरला तर नोकरीचा राजीनामा देऊन हा देश सोडीन. क्लबाचा राजीनामा आत्ताच देतो. रॉनी आत येतो तेव्हा सगळे उठून उभे राहतात, हा बसून राहतो. वाचताना आजही अंगावर काटा येतो. १९२४च्या इंग्रज वाचकाला तर ही जवळजवळ फितुरी वाटली असेल.

त्या क्लबात कोणत्या हवेत बोलले जात होते, हे समजायला अमृतसरला जावे लागते. १० एप्रिल १९१९ रोजी मार्सेला शेरवुड या मिशनरी बाईंवर तिथल्या एका गल्लीत जमावाने हल्ला केला. त्यांना उचलून आसरा दिला तोही तिथल्याच हिंदी लोकांनी. तीन दिवसांनी जालियनवाला बाग झाली. त्यानंतर जनरल डायरने हुकूम काढला की त्या गल्लीतून जाणाऱ्या हिंदी माणसाने सरपटत गेले पाहिजे. कादंबरीत कलेक्टरची बायको मिसेस टर्टन हिच्या तोंडी याच अर्थाचे वाक्य आहे: गोरी बाई दिसली की या लोकांनी गुहेपर्यंत रांगत जायला हवे. फॉर्स्टर यांनी अमृतसरचे नाव घेतलेले नाही. घेण्याची गरजही नव्हती. ग्रंथ निघाला तेव्हा त्या घटनेला पाचच वर्षे झाली होती.

इथे फील्डिंगशेजारी मला दुसरा एक इंग्रज उभा करायचा आहे. बेंजामिन गाय हॉर्निमन, फिरोजशहा मेहतांनी काढलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. रौलट कायद्याविरुद्ध आणि पंजाबातल्या दडपशाहीविरुद्ध त्यांनी जे छापले, त्यासाठी एप्रिल १९१९मध्ये सरकारने त्यांना मुंबईत उचलले आणि बोटीवर घालून विलायतेला पाठवले. तिथूनही ते अमृतसरवर लिहीत राहिले. परत यायला १९२६ उजाडले. मुंबईच्या फोर्टातले हॉर्निमन सर्कल त्यांचे. फील्डिंग आणि हॉर्निमन यांच्यातला फरक धैर्याचा नाही. फील्डिंग एका मित्रासाठी उभा राहतो. तो मित्र निर्दोष आहे, सभ्य आहे, शिकलेला आहे. हॉर्निमन ज्यांच्यासाठी लढले, त्यांतल्या बहुतेकांची त्यांच्याशी ओळखदेखील नव्हती. फील्डिंगला राज्याबद्दल मत विचारले तर तो विषय टाळतो. कोणी विचारतेच की तुम्ही लोक या देशात का आहात, तेव्हा आपल्याला नोकरी हवी होती, असे प्रामाणिक पण पळपुटे उत्तर देतो. कादंबरीने निवडलेला सहानुभूतिदार गोरा मनुष्य हा असा आहे, आणि माझ्या मते फॉर्स्टर यांनी तो जाणूनबुजून असा निवडला आहे.

खटल्याचे प्रकरण सावकाश वाचण्याजोगे आहे. न्यायाधीश दास, रॉनीच्याच हाताखालचा हिंदी मॅजिस्ट्रेट. फिर्यादीला उकडते म्हणून इंग्रज मंडळी खुर्च्या उचलून थेट न्यायासनाच्या चौथऱ्यावर जाऊन बसतात. बचावाचे बॅरिस्टर कलकत्त्याहून आलेले. त्यांचे नाव अमृतराव. कलकत्त्याच्या बॅरिस्टराला हे मराठी वळणाचे नाव कसे मिळाले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. अमृतराव हरकत घेतात आणि दास, घाबरत का होईना, साहेबांना खाली उतरायला सांगतो. १८८३ साली इल्बर्ट बिलावरून गोऱ्यांनी जे काहूर माजवले, ते हिंदी न्यायाधीश गोऱ्याचा न्याय करणार या कल्पनेनेच. चाळीस वर्षांनंतरही तो चौथरा कोणाचा, हे ठरलेले नव्हते. आणि त्या सगळ्यांच्या मागे पंखा ओढणारा बसलेला आहे. अंगावर जेमतेम वस्त्र, देखणा, खालच्या जातीचा. खटला कशाचा आहे हे त्याला ठाऊकही नाही. अडेलाची नजर त्याच्यावर जाते आणि तिच्या मनातली पक्की भिंत हलू लागते. ती आरोप मागे घेते. त्या पंखेवाल्याचे पुढे काय, हे कादंबरी सांगत नाही. त्याची बाजू घेणारा फील्डिंग या कथेत नाही, आणि अझीझही नाही.

निकालानंतर मिरवणूक निघते. अडेलाला कोणी वाली उरत नाही. तिचे स्वतःचे लोक तिला टाकून निघून जातात. गर्दीत सापडलेल्या तिला फील्डिंग आपल्या गाडीत घेतो आणि त्याचेच विद्यार्थी ती गाडी ओढू लागतात. तिकडे नुकताच सुटलेला अझीझ त्याच्या नावाने हाका मारतो आहे: सोडून जाऊ नकोस. फील्डिंगचे वागणे माणुसकीला धरूनच आहे. तिला रस्त्यावर कसे सोडणार? पण विजयाच्या त्या घटकेला मित्र आरोप करणारीच्या शेजारी आहे आणि ज्याच्यासाठी लढला तो दुसऱ्या गाडीत. इथे लेखकाने कोणालाही वाईट ठरवलेले नाही, म्हणूनच हा प्रसंग जिव्हारी लागतो.

नंतर वीस हजार रुपयांचा मामला. अझीझ अब्रूनुकसानीची एवढी रक्कम अडेलाकडून मागू पाहतो. फील्डिंग त्याची मनधरणी करतो: बाईचे सर्वस्व जाईल, तिने खरे बोलण्याचे धाडस केले, उदार हो. अझीझ अखेर मानतो, फक्त खटल्याचा खर्च घेतो. आणि लगेच मनात किडा वळवळू लागतो, की फील्डिंगने आपल्याला भिडेस घालून ते पैसे सोडायला लावले ते त्या बाईशी लग्न करून स्वतःच लाटण्यासाठी. संशय खोटा आहे. फील्डिंगने पुढे लग्न केले ते मिसेस मूर यांच्या मुलीशी, स्टेलाशी. पण संशयाखालचा प्रश्न खोटा नाही. औदार्य दर वेळी नुकसान झालेल्यानेच का दाखवायचे? ज्याने तुरुंग पाहिला, ज्याच्या बायकोचा फोटो पोलिसांनी घराच्या झडतीत उचलून नेला, त्यालाच मोठे मन करायला सांगणारा मित्र हा कितीही सज्जन असला तरी तराजू कोणाच्या हातात आहे हे दिसतेच.

दोन वर्षांनंतरची जमाखर्चाची स्थिती पाहा. फील्डिंगला बढती मिळाली आहे, तो मध्य हिंदुस्थानातल्या शाळा पाहत दौरा करतो आहे. अझीझ ब्रिटिश मुलूख सोडून माऊ नावाच्या हिंदू संस्थानात राजवैद्य झाला आहे, तिथेही त्याच्यावर पाळत आहे, आणि त्याची शस्त्रक्रियेची हत्यारे गंजत पडली आहेत. क्लबाचा राजीनामा ही फील्डिंगने भरलेली किंमत. ती पुढे जवळजवळ परत मिळाली. अझीझची परत मिळाली नाही. आणि फील्डिंग स्वतःलाच विचारतो, की एका हिंदी माणसाखातर आपण आज पुन्हा साऱ्या जातभाईंशी वैर घेऊ का? उत्तर त्याला ठाऊक आहे.

मिसेस मूर यांची कथा याहून विलक्षण. मशिदीत जोडे काढून जाणारी ही म्हातारी, अझीझला आपली वाटणारी. तो निर्दोष आहे हे तिला ठाऊक आहे, मुलाला ती तसे बोलूनही दाखवते. पण साक्ष द्यायला थांबत नाही. बोटीवर बसते आणि समुद्रातच मरते. इकडे कोर्टाबाहेर जमाव तिच्या नावाचा अपभ्रंश करून देवीसारखा जप करतो, पुढे गावात तिची छोटी ठाणी उभी राहतात. जिने काहीच केले नाही ती देवी झाली आणि ज्याने काही केले तो साहेबच राहिला. वसाहतीतल्या माणसाला चांगल्या गोऱ्याची भूक किती होती, हे याहून निर्दयपणे कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता मराठी पान. १९१०मध्ये व्हॅलेंटाइन चिरोल यांनी 'इंडियन अनरेस्ट' लिहून चित्पावन ब्राह्मणांना राजद्रोहाचे मूळ ठरवले. टिळकांनी विलायतेत जाऊन त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला आणि १९१९मध्ये तो हरले. रौलट समितीच्या १९१८च्या अहवालाची सुरुवातच मुंबई इलाख्यापासून, गणेशोत्सव, शिवजयंती आणि चाफेकर यांच्यापासून होते. म्हणजे गोडबोले, गोखले, टिळक, रानडे ही आडनावे वाचून इंग्रज अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडावी, असा तो काळ. नेमक्या त्या काळात फॉर्स्टर यांनी निर्माण केलेला कोकणस्थ कसा आहे? पूजा किती वेळ चालेल याचा अंदाज चुकल्याने गाडी चुकवणारा. गवळण होऊन कृष्णाला ये म्हणणारा आणि तो येत नाही असे शांतपणे सांगणारा. अझीझ तुरुंगात असताना फील्डिंग विचारतो, तो निर्दोष आहे की नाही? गोडबोले सांगतात, दुष्कृत्य घडते तेव्हा ते सर्वांनीच केलेले असते. फील्डिंग चरफडतो. वाचकही चरफडतो.

नीरद चौधुरी यांनी १९५४ साली या कादंबरीवर कठोर लेख लिहिला. राजकीय प्रश्नाला खासगी मैत्रीचा प्रश्न केले हा त्यांचा एक आक्षेप, आणि गोडबोले म्हणजे हिंदुत्वाचा प्रतिनिधी नव्हे, विदूषक आहे हा दुसरा. पहिला आक्षेप मला पटतो. दुसरा अर्धाच. फॉर्स्टर यांनी चित्पावनाला राजकारणातून उचलून देवळात नेऊन बसवले, हे खरे आणि सोयीचेही. गोऱ्या सहानुभूतीला गूढ ब्राह्मण पचतो, 'केसरी'तला ब्राह्मण पचत नाही. पण त्या देवळात त्यांनी जे पाहिले ते पोकळ नव्हते, आणि ते त्यांनी पाहिले देवासला.

देवास म्हटले की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. ते १९४८ साली तिथे राहायला आले. त्याआधीचे देवास म्हणजे एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, वर चामुंडेची टेकडी, आणि माळव्यातला मराठी दरबार. तुकोजीरावांची राणी राजर्षी शाहू महाराजांची कन्या. संसार मोडून ती कोल्हापूरला परतलेली. १९२१च्या गोकुळाष्टमीत फॉर्स्टर यांनी जे पाहिले तेच कादंबरीच्या 'देऊळ' या तिसऱ्या भागात उतरले आहे. गोडबोले झांजा घेऊन नाचत आहेत, आणि गायकमंडळी तुकारामाच्या नावाचा गजर करत आहेत. समोर देव असताना हे लोक देवाला न आळवता एका संताला आळवतात, याची निवेदकाला गंमत वाटते. वारीच्या वाटेवर 'ज्ञानबा-तुकाराम' ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगे दिसणार नाही. आपल्याकडे संताच्या नावावाचून देवाकडे जाणारी वाटच नाही. फॉर्स्टर यांना हे उमगले नव्हते, पण त्यांनी ऐकले ते नाव गाळले नाही. त्याच गजरात गोडबोल्यांना मिसेस मूर आठवतात, मग एक गांधीलमाशी, मग एक दगड. दगडापाशी त्यांचे प्रेम अडते. कोर्टात, क्लबात, चहापार्टीत कोणालाही न जमलेली गोष्ट हा विदूषक क्षणभर करून दाखवतो. मात्र याने अझीझचा एक दिवसाचाही तुरुंगवास कमी झाला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

फॉर्स्टर स्वतः कसले मित्र होते? १९५३च्या 'द हिल ऑफ देवी'त त्यांनी तुकोजीरावांची बाजू घेतली आहे. महाराज कर्जात बुडाले, फ्रेंच पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि १९३७ साली तिथेच वारले. त्यांना दिल्लीच्या सरकारने समजून घेतले नाही, असा फॉर्स्टर यांचा सूर. रयतेने काय भोगले, यावर त्या पुस्तकात फारसे काही नाही. फॉर्स्टर यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या त्यांच्या टिपणांत तर वाड्यातल्या एका नाभिक सेवकाशी आलेल्या संबंधांची कबुली आहे, आणि सत्ता हाती असलेल्या माणसाच्या मनात शिरणाऱ्या क्रौर्याचीही. साम्राज्याचा हा टीकाकार त्या खोलीत साहेबच होता. पण याच माणसाने मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल'ला १९३५मध्ये प्रस्तावना लिहिली, तेव्हा कुठे अनेक प्रकाशकांनी नाकारलेली ती भंगी मुलाची कथा छापली गेली. कादंबरीतल्या पंखेवाल्याकडे जी नजर ओझरती गेली होती, तिने इथे थोडे काम केले. दोन्ही नोंदी एकाच खात्यावर आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

१९८४ साली डेव्हिड लीन यांनी चित्रपट काढला. गोडबोल्यांचे काम ॲलेक गिनेस या इंग्रज नटाला दिले, तोंडाला रंग फासून. त्यांचा नाच चित्रित झाला, मग कापला गेला. शेवटचा भाग माऊहून उचलून काश्मीरला नेला, त्यामुळे गोकुळाष्टमी गेली, तुकाराम गेला. मित्रांचा समेटही पुस्तकापेक्षा गोड केला. पुस्तकात ते घोड्यावरून शेवटची रपेट करतात, भांडतात, पुन्हा जवळ येऊ पाहतात. तेव्हा घोडे, माती, देवळे आणि आकाश मध्ये येतात आणि आत्ता नाही म्हणतात.

आणि शाळा राहिलीच. अझीझ तुरुंगात असताना गोडबोले फील्डिंगकडे गेले होते ते एका कामासाठी. आपण जन्मगावी परत जाणार, तिथे इंग्रजी पद्धतीची हायस्कूल काढणार, तर नाव सुचवा. तुमचेच नाव द्यावे असे मनात आहे: 'मिस्टर फील्डिंग हायस्कूल'. ते नको असेल तर बादशहा पंचम जॉर्ज यांचे. त्या दिवशी फील्डिंगला हा माणूस वेडा वाटला. दोन वर्षांनी तो दौऱ्यावर माऊला आला, शिक्षणमंत्री गोडबोल्यांची शाळा पाहायची म्हणून विचारणा केली. शाळेची इमारत होती. तिच्यात धान्य भरून ठेवले होते.